पान नंबर त्रेचाळीस

नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागाच्या दाराबाहेर एक खिळा होता आणि त्या खिळ्याला सुतळीने बांधलेली एक दोनशेपानी वही लोंबत असायची. वहीवर स्केचपेनने एकच शब्द लिहिलेला होता: 'चुका'. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीही ती उघडून वाचावी. कँटीनला निघालेले कामगार दोन मिनिटं थांबून वाचायचे आणि हसत पुढे जायचे.

ती वही भाऊंची. भाऊ म्हणजे आमचे विभागप्रमुख. विभाग कसला, स्टोअरच्या वरची एक खोली, तीन सर्व्हर, दोन माणसं. एक भाऊ आणि दुसरी मी. गेटवरच्या वॉचमनपासून वर्क्स मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना भाऊच म्हणायचे आणि ते मात्र सगळ्यांना अहो-जाहो करायचे. मला पहिल्या दिवसापासून 'बाई'. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि 'बाई' ऐकलं की मला शाळेतल्या गणिताच्या बाई आठवायच्या. दोन-तीनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला.

वहीत चार रकाने होते. काय केलं, काय झालं, कसं सावरलं, नाव. पहिलीच नोंद भाऊंची स्वतःची: 'पासवर्ड चुकीच्या ठिकाणी टाइप केला. पूर्ण स्टोअरला दिसला. बदलला.' खाली पूर्ण नाव, आडनावासकट. त्याच्याखाली मशीन शॉपचे सुपरवायझर गांगुर्डे: 'चहा कीबोर्डवर सांडला. कीबोर्ड चिकट झाला. उन्हात वाळवला.' असं एकेक. वही सुरू करायच्या आधीच भाऊंनी प्रत्येक पानाच्या फक्त पुढच्या बाजूला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कोपऱ्यात हाताने नंबर घातले होते. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "एखादं कमी झालं तर कळायला नको?"

एवढ्या जाड वहीत मॅनेजरसाहेबांची एकही नोंद नव्हती. इतका निर्दोष माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

वहीची सवय भाऊंना घरातून लागलेली. त्यांचे वडील ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर. पाना हरवला तर विमान जागचं हलत नाही, हे भाऊ लहानपणापासून ऐकत आले होते. ज्याच्या हातून हरवला त्याने स्वतः येऊन सांगायचं. सांगितलं तर कोणी रागवायचं नाही, लपवलं तर मात्र गय नाही. "पाना काय, पुन्हा मिळतो हो," भाऊ म्हणायचे, "पण तो इंजिनात राहिला आणि कोणी बोललंच नाही, तर?" पुढचं ते बोलायचे नाहीत. समोरच्याने ते आपल्या मनाशी पूर्ण करावं अशी त्यांची अपेक्षा असायची.

माझी मुलाखतही काही धड झाली नाही. भाऊंनी मला एका पडद्यासमोर बसवलं. सर्व्हर दिवसभर काय काय करतो त्याची हजारो ओळींची नोंद पडद्यावर उघडली आणि म्हणाले, "काल मशीन एकदा बंद पडलं होतं. किती वाजता ते सांगा." मी ओळी खाली-खाली सरकवत बसले. वीस मिनिटं गेली, डोळे चुरचुरायला लागले. भाऊ शांतपणे शेंगदाणे खात होते. मग पुढे झुकून त्यांनी 'ग्रेप' आणि पुढे एक शब्द टाइप केला आणि हवी ती ओळ एकटी पडद्यावर उभी राहिली. तीन वाजून सात मिनिटं.

"हे आधीच सांगितलं असतं तर?" मी जरा चिडूनच विचारलं.

"तर तुम्ही उद्या विसरला असता. या सोमवारपासून."

ग्रेपसारखी त्यांची सगळी अवजारं मोकळी होती. कोणीतरी कुठेतरी बसून लिहिलेली, आतली घडण सगळ्यांना दाखवलेली, ज्याला हवी त्याने घ्यावी आणि जमलं तर सुधारून परत द्यावी अशी. लिनक्स या अशाच मोकळ्या प्रणालीची त्यांची पहिली सीडी नाशिकरोडच्या स्टेशनवरच्या स्टॉलवर, एका कॉम्प्युटर मासिकाला चिकटवलेली मिळाली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. भंगारात काढलेलं एक मशीन त्यांनी उचलून आणलं, त्यावर ती सीडी चढवली आणि त्या मशीनचं नाव ठेवलं दारणा. पुढच्या दोन मशिनांची नावं कादवा आणि वालदेवी, सगळ्या इकडच्या लहान नद्या. गोदावरी का नाही, असं सगळेच विचारायचे. "तेवढं मोठं मशीन कंपनी घेऊन देईल तेव्हा बघू," हे उत्तर ठरलेलं.

मी आले ती कारखान्याची वेबपानं करायला. बाहेरच्यांसाठी एक साइट होती, पण भाऊंचा जीव आतल्या पानावर. ड्रॉइंग ऑफिसमधून निघालेलं प्रत्येक ड्रॉइंग त्या पानावर यायचं आणि शॉपमधल्या मशीनवाल्याला ब्राउझरमध्ये ताजं ड्रॉइंग दिसायचं. त्याआधी कागद हातोहात फिरायचे आणि कोणाच्या हातात जुना कागद आहे ते माल बिघडल्यावर कळायचं. हे सगळं भाऊंनी मोकळ्या अवजारांवर उभं केलं. गांगुर्डे तेलकट हाताने, प्लास्टिक चढवलेल्या कीबोर्डवर दोन बोटांनी ड्रॉइंगचा नंबर मारायचे आणि म्हणायचे, "आपल्याला काय कळत नाय त्यातलं. पान उघडतं ना? बास. लय भारी हाय."

मॅनेजरसाहेबांना मात्र ते भारी वाटत नव्हतं. फुकट मिळालेल्या वस्तूत काहीतरी खोट असणारच, अशी त्यांची पक्की खात्री. दर मीटिंगमध्ये त्यांचा एकच प्रश्न: "उद्या हे बंद पडलं तर आपण फोन कोणाला करायचा?"

"मला करा," भाऊ म्हणायचे.

"आणि तुम्ही नसलात तर?"

"या बाईंना करा. त्या नसतील तर वही वाचा. सगळं लिहिलंय."

साहेबांना असं उत्तर नको असायचं. त्यांना फोन उचलणारी एखादी कंपनी हवी होती, जिच्यावर ओरडता येईल. हे मी आज म्हणते. तेव्हा मलाही आतून साहेबांचंच पटायचं. माझ्या मैत्रिणी नावाजलेल्या पॅकेजवर काम करत होत्या आणि मी एका माकडटोपी घालून बसणाऱ्या माणसाजवळ काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला शिकत होते. हो, माकडटोपी. सर्व्हरच्या खोलीत एसी चालू ठेवायलाच लागायचा, म्हणून भाऊ भर मेमध्ये स्वेटर आणि माकडटोपी घालून बसायचे आणि जेवायला तसेच कँटीनमध्ये जायचे. अधिकाऱ्यांची बाजू सोडून कामगारांच्या टेबलावर. बाहेर चाळीस अंश आणि हे माकडटोपीत पिठलं-भाकरी खाताहेत. माउस त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकून दिला होता. कोणी मागितला की त्याला खेळणं म्हणून काढून द्यायचे.

एका गोष्टीत मात्र त्यांच्याइतका कडक माणूस नाही. आरसिंक नावाचं एक अवजार आहे. एका मशीनवर जे आहे ते दुसऱ्यावर हुबेहूब करून देतं. पहिल्यावर नसलेलं काही दुसऱ्यावर असेल तर, सांगितल्यास, तेही पुसून टाकतं. कुठून घ्यायचं आणि कुठे न्यायचं ते आपण सांगायचं, ते विचारत बसत नाही. त्याला एक सोय आहे: आधी प्रत्यक्ष काही न करता, आपण काय काय करणार आहोत याची यादी ते दाखवतं. भाऊ त्याला रंगीत तालीम म्हणायचे. "रंगीत तालीम केल्याशिवाय पडदा उघडायचा नाही, बाई." हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते कानावर यायचं बंद झालं होतं.

मंगळवार होता. दारणा म्हातारी झाली होती आणि तिच्यावरची ड्रॉइंगं नव्या वालदेवीवर न्यायची होती. भाऊ बँकेत गेले होते. जेवण झालेलं, कामाचा उत्साह, आणि ते येण्याआधी करून दाखवायची हौस. मी आज्ञा टाइप केली. रंगीत तालीम केली नाही. आणि दोन नावांची उलटापालट केली. 'कुठून'च्या जागी वालदेवी, 'कुठे'च्या जागी दारणा. वालदेवी रिकामी होती. आरसिंकने सांगितल्याबरहुकूम दारणालाही रिकामी केली. त्याला एक मिनिटही लागलं नाही.

भाऊ आले तेव्हा मी खुर्चीत नुसती बसले होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, स्वेटर चढवला आणि म्हणाले, "काल रात्रीची प्रत टेपवर आहे. चला." संध्याकाळपर्यंत सगळं जागेवर आलं. फक्त त्या सकाळी आलेली सात ड्रॉइंगं टेपवर नव्हती. ती ड्रॉइंग ऑफिसमधून पुन्हा मागवून मी चढवायची, एवढं माझ्यावर सोपवून ते वही घेऊन आले. पान नंबर त्रेचाळीस. मी लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. खाली नाव लिहिलं. भाऊंनी वाचलं, "'तालीम केली नाही' हेही लिहा," म्हणाले आणि मग चहा मागवला. मला वाटलं, संपलं.

मी सहाच ड्रॉइंगं चढवली होती. सातवं राहिलं. त्या सुधारित ड्रॉइंगमध्ये तांब्याच्या पट्टीवरचं एक भोक दोन मिलिमीटर सरकवलं होतं. गांगुर्डेंच्या मशीनवर जुन्या ड्रॉइंगप्रमाणे पट्ट्या निघाल्या, ग्राहकाकडे गेल्या, तिथे बसेनात आणि पंधरा दिवसांत सगळा लॉट परत आला. त्रेचाळीस नंबरच्या पानावर मी दुसरी ओळ लिहिली.

ग्राहकाची माणसं सोमवारी तपासणीला येणार होती. शुक्रवारी मॅनेजरसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. अहवाल तयार होता. चूक कशामुळे झाली, तर 'आधार नसलेल्या मोफत संगणकप्रणालीतील दोषामुळे'. उपाय, नावाजलेलं पॅकेज बसवणार. साहेबांचं गणित सरळ होतं. माणूस चुकला म्हटलं तर तपासणीवाले पुढे विचारणार: शिकवलं कोणी, तपासलं कोणी, दुसऱ्याने पाहिलं का नाही? प्रणाली चुकली म्हटलं की ती बदलली आणि विषय मिटला. शिवाय त्यांना ती बदलायचीच होती.

"आणि ते पान काढून टाका," साहेब भाऊंना म्हणाले. "वही तर दिसताच कामा नये."

"वही बांधलेली आहे साहेब, ती कुठे जाणार," भाऊ म्हणाले. "आणि मी पान फाडत नाही."

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्याच भल्याचं आहे. तुमचं प्रोबेशन संपायला दोन महिने राहिलेत ना?"

जिन्यावर मी भाऊंना गाठलं. मी काय करू, असं विचारलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "पान तुमचं आहे, बाई. अक्षर तुमचं, नाव तुमचं. मी ते फाडणार नाही. तुम्ही फाडू नका, असंही मी म्हणणार नाही."

मला त्यांचा भयंकर राग आला. फाडू नका म्हणाले असते तर मी फाडलं नसतं. फाडा म्हणाले असते तर त्यांच्या नावावर फाडलं असतं. माझ्या घरी वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटा भाऊ शिकत होता, आणि हा माणूस मला मोकळं सोडून निघून गेला. असली मोकळीक मला नको होती.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी पोचले. स्टीलची पट्टी धरून पान अगदी सरळ फाडलं, घडी घातली आणि जेवणाच्या डब्याखाली पिशवीत सरकवलं.

अकराला मीटिंग बसली. ग्राहकाचे अधिकारी वयस्कर होते, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी अहवाल वाचला. "म्हणजे सॉफ्टवेअरचा दोष."

"नाही," भाऊ म्हणाले.

भाऊंनी सर्व्हरच्या नोंदीचा छापील कागद पुढे केला. "त्या मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ही आज्ञा दिली गेली. सॉफ्टवेअरने ती जशीच्या तशी पाळली. यात त्याचा दोष मला दाखवा, मी सही करतो."

"आज्ञा दिली कोणी?"

सर्व्हरमध्ये आम्ही दोघंही एकाच नावाने शिरायचो, त्यामुळे त्या कागदावर माणसाचं नाव नव्हतं. "वहीत आहे," भाऊ म्हणाले आणि त्यांनी सुतळीसकट आणलेली वही उघडली. एक्केचाळीस. बेचाळीस. चव्वेचाळीस. त्यांचा अंगठा तिथेच थांबला. फाटल्या जागी कागदाची एक पातळ कड राहिली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वही मिटली.

"विभाग माझा आहे," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्ही दिलीत?"

"तसं मी म्हणत नाही. विभाग माझा आहे, असं म्हणतोय. काय शिक्षा असेल ती मला लिहा. पण ज्याने काही केलं नाही त्याच्या नावावर हे घालू नका. त्या कागदावर माझी सही मिळणार नाही."

अधिकाऱ्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा ग्लास उचलला. अहवालावर विभागातर्फे एक सही लागणार होती. ती दुपारी मी केली.

साहेबांनी भाऊंकडे राजीनामा मागितला. भाऊ म्हणाले, "देत नाही. काढून टाका आणि कारण कागदावर लिहून द्या." कारण लिहून द्यायला कोणी तयार होईना. मग त्यांना खाली स्टोअरमध्ये बसवलं, बारदानाच्या गोण्या मोजायला. आठवडाभरात स्टोअरच्या दाराला खिळा ठोकलेला दिसला आणि त्याला एक वही. 'गोणी क्रमांक अकरा दोनदा मोजली', खाली भाऊंचं पूर्ण नाव. कामगार मुद्दाम वाट वाकडी करून वाचायला जायचे. तीन महिने त्यांनी गोण्या मोजल्या, रोज वेळेवर येऊन, स्वेटरशिवाय. शेवटी साहेबांनीच कंटाळून कागद दिला. त्यावर कारण म्हणून 'प्रशासकीय' असं काहीतरी होतं. भाऊंनी त्याची झेरॉक्स काढून स्टोअरच्या वहीत चिकटवली आणि गेटबाहेर पडले.

मी कायम झाले. पॅकेज आलं. खोटं कशाला बोलू, ते बरं चाललं. अडलं की आम्ही फोन करायचो आणि पलीकडून एक तक्रार क्रमांक मिळायचा. आत काय आहे ते आम्हाला दिसत नव्हतं आणि पुढे-पुढे कोणी विचारेनासंही झालं. आमच्या दारावरची वही तशीच लटकत राहिली. तिच्यात कोणी लिहीत नव्हतं आणि मला ती उघडायचा धीर नव्हता.

रंगकाम निघालं तेव्हा गांगुर्डे ती वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. "मॅडम, रद्दीत चालली होती. तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या." जाता-जाता थांबले. "त्रेचाळीस नंबर तुमच्याकडंच हाय ना?"

मी वहीवरचं वर्तमानपत्र नीट करत राहिले.

"समद्यांना ठाव होतं. पट्ट्या तर माझ्याच मशीनवर निघाल्या ना. तुम्ही काय जगावेगळं नाय केलं, पोटासाठी मानूस करतो. पण भाऊंना लय लागलं."

घरी जाऊन मी वही उघडली. चव्वेचाळीस नंबरच्या पानावर भाऊंचं अक्षर होतं. तारीख त्या सोमवारचीच. काय केलं: 'घाबरलेल्या माणसाला एकटं सोडलं.' काय झालं: 'पान ४३ गेलं.' कसं सावरलं: 'सावरलं नाही.' आणि खाली पूर्ण नाव, आडनावासकट. मी त्या रात्री जेवले नाही.

ओझरला त्यांच्या घरी जायला मला आणखी दोन वर्षं लागली. घराच्या पडवीत त्यांनी जुन्या मशिनांवर लिनक्स चढवून शाळांना द्यायचं काम मांडलं होतं. मी माफीचं भाषण पाठ करून गेले होते. पहिल्याच वाक्याला त्यांनी हात वर केला. "मला कशाला सांगता, बाई? वहीत लिहा." आणि चहा आल्यावर विचारलं, "तालीम करता ना आता?"

आज मी गंगापूर रोडवरच्या एका छोट्या कंपनीत लोकांच्या वेबसाइट सांभाळते. सगळं मोकळ्या अवजारांवर. कोणी त्याला फुकटचं म्हणालं की मी अजून भांडते, आणि त्यातलं निम्मं भांडण माझं माझ्याशीच असतं. आमच्या दाराला खिळा आहे, सुतळी आहे, पानांना नंबर घातलेली वही आहे. पहिल्या पानावर, खळ लावून, पान नंबर त्रेचाळीस चिकटवलंय. त्याच्यावर त्या दिवशीच्या लोणच्याच्या तेलाचा पिवळा डाग आहे. खाली मी तिसरी ओळ लिहिली: 'हे पान फाडलं. खोट्या कागदावर सही केली. एका माणसाची नोकरी गेली.' त्या ओळीपुढचा 'कसं सावरलं'चा रकाना कोरा आहे. शेवटी माझं पूर्ण नाव.

गेल्या महिन्यात एक मोठं गिऱ्हाईक आमची पाहणी करायला येणार होतं. आमचे मालक भला माणूस. आदल्या दिवशी येऊन म्हणाले, "मॅडम, एक दिवसापुरती ती वही आत ठेवू या का? उगाच कशाला."

"नाही," मी म्हटलं.

पाहुणे आले तेव्हा मी खिळ्यावरची सुतळी सोडली, वही टेबलावर आणली आणि पहिलं पान उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मालक खिडकीबाहेर बघत होते.

"हे कोणी लिहिलंय?"

"मी," मी म्हटलं. "पुढे बघा. नंबर सलग आहेत."